एक जूनचा जन्म

आष्टीत निम्मं गाव एक जूनला जन्मलं आहे. बाहेरच्याला ही थाप वाटेल, पण त्यानं शाळेचं जुनं रजिस्टर उघडावं आणि खात्री करून घ्यावी. आई सांगणार, "ज्वारी हुरड्यात आल्ती तव्हाचा हाय." बाप सांगणार, "आमचा ढवळ्या बैल मेला त्या सालचा." गुरुजींना तर तारीख पाहिजे. मग गुरुजी पोराला उभं करत आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाती लागला की पोरगं सहा वर्षांचं, आणि जन्म एक जून. अशी एका दिवशी जन्मलेली माणसं पुढं तलाठी झाली, कंडक्टर झाली, मास्तर झाली. कोणाचं काही बिघडलं नाही.

सोमेश्वरही एक जूनचाच, १९७३ सालचा. निदान कागदावर तरी. खरा जन्म त्याचा तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे नोव्हेंबरातला. सहा वर्षांचा झाला नव्हता, पण हात लांब होते. कान सापडला आणि पाच महिने आधीच जन्मला.

त्याच दिवशी शाळेच्या ओट्यावर आणखी एक पोरगा कान धरायला उभा होता. तातेराव. त्याचा बाप वसंता गावचा कोतवाल. तहसीलचं टपाल आणायचं, दवंडी द्यायची, गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं त्याची नोंद ठेवायची, ही त्याची कामं. छप्पन साली त्यांच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा वसंता पंधरा वर्षांचा होता. त्यानंतर तो रात्रशाळेत जाऊन लिहायला शिकला, आणि एकदा लिहायला आल्यावर लिहिलेलं खरंच असलं पाहिजे, असा हट्ट धरून बसला. गुरुजी एक जून लिहायला लागले तसा त्यानं हात पुढं केला.

"गुरुजी, पोरगं ऑगस्टच्या एकोणीसचं हाय. म्या सोता नोंद केलीय."

"अरे, मग सहा पुरी होत न्हाईत. पोराचं साल जाईल."

"जाऊ द्या साल. खोटं नका लिवू."

साल गेलं. तातेराव पुढच्या वर्षी पहिलीत बसला. सोमेश्वर एक इयत्ता पुढं, आणि बारावीपर्यंत तो पुढंच राहिला. बारावीला मात्र गडी इंग्रजीत असा गडगडला की एका वर्षात तातेरावानं त्याला गाठलं. गाठलं आणि शिकवलंही. वसंताच्या घरापुढच्या लिंबाखाली बसून तातेरावानं त्याच्याकडून अख्खं व्याकरण घोटून घेतलं. पुढं परतूरला बी. ए., जालन्याला बी. एड., सगळं जोडीनं. आणि चौदा जून १९९९ला दोघंही गावातल्याच खाजगी शाळेत इंग्रजीचे शिक्षक म्हणून एकाच दिवशी हजर झाले. बारावीत इंग्रजीत नापास झालेला माणूस इंग्रजीचा मास्तर झाला, ती करामत तातेरावाची होती. सोमेश्वर हे चारचौघांत हसत सांगायचा. सांगताना तोपर्यंत मनाला काही बोचत नव्हतं.

तातेरावाला एक नाद होता. जुन्या जालन्यात एका रद्दीच्या दुकानात त्याला बाराशे पानांची इंग्रजी डिक्शनरी सापडली होती. पुठ्ठा निखळलेला, पण पानं शाबूत. त्या डिक्शनरीतून तो दर आठवड्याला एक शब्द घ्यायचा, एका पानावरचा एक, क्रमानं. दहावीच्या वर्गात फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात त्यानं तेलरंगानं एक चौकट काढून घेतली होती. सोमवारी त्यात शब्द आणि अर्थ, मंगळवारी त्याचं मूळ, बुधवारी वाक्य. वाक्याला एकच अट होती. ते पुस्तकातलं नको, आपल्या घरातलं पाहिजे. कुठल्याशा राजाराणीची वाक्यं आणणाऱ्या पोरांना तो म्हणायचा, "तुझ्या अंगणात राजा आल्ता का रे? मंग?" पंचवीस वर्षांत तो डिक्शनरीच्या हजार पानांपर्यंत पोचला होता. 'झेड'पर्यंत गेलो की रिटायर होतो, असं म्हणायचा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि संचमान्यता आली. पटावर पोरं किती आणि त्यांना मास्तर किती, याचा हिशोब सरकार दरवर्षी करतं, त्याचं हे नाव. आष्टीची पोरं आता परतूर-सेलूच्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्यांत बसून जातात. पट घसरला. इंग्रजीचा एक शिक्षक अतिरिक्त ठरला. दोघांतला एक जाणार, आणि जाणार तो थेट जाफराबाद तालुक्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

मुख्याध्यापकांनी दोघांना बोलावलं. टेबलावर दोन सेवापुस्तकं उघडी होती.

"हजर दोघं एकाच तारखेला. अशा वेळेला नियम एकच, वयानं मोठा तो ज्येष्ठ. सोमेश्वर सर एक जून, तातेराव सर एकोणीस ऑगस्ट. तातेराव सर, तुम्ही कनिष्ठ." मग ते जरा चाचरले. भले गृहस्थ होते. "दोघांतलं कोणी आपखुशीनं जायला तयार असेल तर लिहून द्या. शुक्रवारपर्यंत थांबतो मी."

 तातेरावानं फक्त एकदा सोमेश्वरकडं पाहिलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येतं हे ठाऊक असलं की मास्तर कसा वाट बघत थांबतो, तसं. सोमेश्वर सेवापुस्तकाच्या शिवणीकडं बघत राहिला.

तातेरावाची अडचण सोमेश्वरला सांगायला नको होती. वसंता आबा आता त्र्याऐंशीचे. सात वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. पण गावात त्यांना कोणी हात धरून नेलेलं पाहिलं नव्हतं. जन्मभर अनवाणी दवंडी देत फिरलेला माणूस. पायाला मुरूम लागला की शाळा आली, गार फरशी लागली की ग्रामपंचायत, खडी टोचली की किराणा दुकान, आणि मऊ फुफाटा लागला की आपली गल्ली. रोज सकाळी विहारापर्यंत जाऊन वंदना करून परत यायचे. घरी तातेराव आणि त्याची बायको बेबीनंदा, मुलगा मिथुन पुण्याला. बदली झाली तर म्हाताऱ्याला गावात ठेवणार कोणापाशी? न्यावंच लागणार.

आणि सोमेश्वरची अडचण? मोसंबीची बाग नुकती फळाला आली होती. घराला वरचा मजला चढवला होता. मुलगी राजनंदिनी बारावीला होती. म्हणजे अडचण अशी काही नव्हती. सुख होतं, आणि ते सोडवत नव्हतं.

"तुम्ही काय चोरी केली का?" बायको ज्योत्स्ना म्हणाली. "कागद काय म्हणतो ते बराबर. अन् जन्मतारीख तर आता बदलतबी न्हाई."

ते खरंच होतं. नोकरीत पाच वर्षं झाली की जन्मतारीख बदलत नाही. सोमेश्वरनं तो नियम दोन दिवस मनातल्या मनात इतक्यांदा घोकला की आपल्याला तारीख बदलायची नव्हतीच, फक्त 'मी जातो' एवढं लिहायचं होतं, हे त्याला सोयीनं विसरता आलं.

गुरुवार उजाडला. आदल्या संध्याकाळी तुळशीचं लग्न लागलं होतं. आईनं, सगुणाबाईनं, नेहमीप्रमाणं त्याला पाटावर बसवलं आणि ओवाळलं. कागदाचा एक जून तिला माहीतच नव्हता.

"एक्कावन्न पुरी झाली बाबा," ती म्हणाली आणि रव्याच्या लाडवांचा डबा पुढं केला. "हे तात्याच्या घरी दे. वसंता भाऊजी वाट बघत असतेल."

हा डबा पन्नास वर्षं जात होता. सोमेश्वर झाला त्या दिवशी वसंता कोतवाल नोंद करायला दारात आला होता, आणि सगुणाबाईच्या सासूनं त्याच्या हातावर लाडू ठेवला होता. गावात त्या काळी कोतवालाच्या हातावर वरून टाकत. म्हातारीनं हातात हात लावून दिला. वसंतानं ते लक्षात ठेवलं आणि सगुणाबाईनं ती रीत पुढं चालवली.

सोमेश्वरनं डबा मोटरसायकलच्या डिकीत ठेवला. तातेरावाच्या गल्लीशी आला. लिंबाखाली आबा बाजेवर बसलेले दिसले, तोंड रस्त्याकडं. त्यांनी गाडीच्या आवाजाला मान वळवली. सोमेश्वरनं गाडी थांबवली नाही. तो डबा देणं म्हणजे आज माझा जन्मदिवस आहे असं सांगणं होतं, आणि शुक्रवार एका दिवसावर होता. लाडू चार दिवस डिकीतच राहिले. मग त्यानं ते बागेतल्या गड्याला देऊन टाकले.

शुक्रवारी त्यानं काही लिहून दिलं नाही.  सोमवारी तातेरावाला कार्यमुक्त करणारा आदेश आला. त्या दिवशी पहिल्या तासाला तातेरावानं चौकटीत शब्द लिहिला होता, 'सप्लांट'. अर्थ: एखाद्याला हटवून त्याची जागा घेणे. त्याखाली, मूळ: उद्या.

तो उद्या काही आला नाही. तातेराव गुरुवारी बिऱ्हाड टेम्पोत भरून गेला. निघताना स्टाफरूममध्ये सोमेश्वरच्या टेबलावर डिक्शनरी ठेवून गेला. "दोनशे पानं राह्यलीत. तूच पुरी कर," एवढंच बोलला.

चोराच्या मनात चांदणं. दहावीचा वर्ग आता सोमेश्वरकडं आला, आणि फळ्यासमोर उभं राहिलं की त्याला तो कोपरा खायला उठायचा. हा शब्द तात्यानं मुद्दाम निवडला. मला हाणायला निवडला. वर्गासमोर, माझ्याच पोरांसमोर! त्याला रागसुद्धा आला, आणि राग आला म्हणून बरंही वाटलं. त्यानं डस्टर उचललं तर पोरं ओरडली, "सर, चौकट नका पुसू! मूळ राह्यलंय."

"परीक्षेला येत नाही ते," सोमेश्वर म्हणाला.

"तातेराव सर तर म्हणायचे, मुळाबिगर अर्थ म्हणजे बिनपायाचं घर."

पुसलं नाही. डिसेंबर गेला, संक्रांत आली, तरी 'मूळ: उद्या' तसंच राहिलं.

जानेवारीच्या शेवटी बेबीनंदाचा फोन आला. आबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तुमची आठवण काढत आहेत. सोमेश्वर दुसऱ्या दिवशी रविवारी पहाटेच्या एसटीनं निघाला आणि दोनदा गाडी बदलून दुपारी पोचला. नव्या वस्तीत एका घराच्या दोन खोल्या. सगळीकडं चकचकीत टाइल. आबा खाटेवर उताणे होते, चादरीबाहेर दोन्ही पाय. भेगाळलेले, जाड, काळे तळवे. तातेराव औषधं आणायला गेला होता.

"कोण, मास्तर का?" आबांनी पावलांवरूनच ओळखलं.

"हाव आबा. कसं झालं हे?"

"काई न्हाई. न्हाणीत जाऊन राह्यल्तो. मधी एक पायरी हाय, कळलीच न्हाई." त्यांनी पायाची बोटं हलवली. "हितं समदं गुळगुळीत हाय बाबा. पायाला कुठंच काही सांगत न्हाई. दोन महिने झाले, मी दारातून भाईर गेलो न्हाई. आपल्या गावात मी आंधळा नव्हतो. हितं आल्यावर झालो."

सोमेश्वरनं त्यांच्या पायावर हात ठेवला. 

"औंदा लाडू न्हाई आले," आबा म्हणाले.

तक्रार नव्हती त्या आवाजात. हवापाणी विचारावं तसं बोलले. 

"आबा, तुम्हाला तर ठाऊक होतं. माझी खरी तारीख तुमीच लिहिली. तुमी बोलले असते, तहसिलातून उतारा काढला असता..."

"तात्यानं काढला की उतारा. दोघांचाबी. मंगळवारीच आणला." आबा छताकडं तोंड करूनच बोलत होते. "मी म्हणलं, दाखव साहेबाला. तर म्हणला, न्हाई आबा. सोमेश्वर सोताहून सांगतो, बघा तुमी. गुरुवारी लाडू घेऊन येईल तव्हा सांगंल. मंग मीबी बाहीर बाज टाकून बसलो. तुमची गाडी आली, म्या वळखली. पुढं गेली. मी तात्याला म्हणलं, गडबडीत असंल, येईल माघारी."

सोमेश्वर रडला. बावन्नाव्या वर्षात असलेला माणूस, तोंडावर रुमाल दाबून, आंधळ्याला दिसत नाही म्हणून मोकळा रडला. पण आंधळ्याला ऐकू येत होतं. आबांनी चाचपडत हात लांब केला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

दहा दिवसांनी आबा गेले. छातीत कफ झाला, एवढं निमित्त. तातेरावानं त्यांना आष्टीला आणलं. शेवटच्या प्रवासाला सगळं गाव आलं, कारण त्या गावातल्या निम्म्या माणसांचा जन्म त्यांनी लिहिला होता, खऱ्या तारखेनं. सोमेश्वरनं खांदा दिला. गल्लीतून, फुफाट्यावरून, खडीवरून, ग्रामपंचायतीच्या फरशीवरून. त्यानं चपला घरीच सोडल्या होत्या. पहिल्यांदाच त्याला कळलं की हा रस्ता किती बदलत जातो.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी त्यानं मुख्याध्यापकांपुढं अर्ज ठेवला. माझी खरी जन्मतारीख अमुक, तातेराव माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहेत, मी जाफराबादला जायला तयार आहे, त्यांना परत आणावं. मुख्याध्यापकांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला. आता इकडून काही होणार नाही, म्हणाले, फार तर वर पाठवतो. बैल गेला अन् झोपा केला, असं ते म्हणाले नाहीत. सोमेश्वरला ते तरीही ऐकू आलं.

तातेराव विहाराच्या ओट्यावर भेटला. सोमेश्वरनं अर्जाची नक्कल त्याच्या हातात दिली. त्यानं वाचली, घडी केली, परत दिली.

"राहू दे सोम्या. मला आता कुठंबी चालतंय. मी कुठं मागत होतो जागा? आबाला पाह्यजे होती."

"तात्या, मला चार शिव्या दे."

"देऊन काय करू?"

 मग सोमेश्वरनं विचारलं, इतके दिवस जे गिळून बसला होता ते. "तो शब्द माझ्यासाठी लिहिला होता का तू?"

तातेरावाला आधी कळेचना. मग आठवलं, आणि तो अगदी थोडं, थकल्यासारखं हसला. "येडा का तू? पान आल्तं ते. त्याच्या मागल्या सोमवारी 'सनशाइन' होता. जाऊन बघ." मग म्हणाला, "मूळ सांगितलं का पोरांना?"

"न्हाई."

"सांग मंग. अडकून राह्यलंय ते."

दुसरा दिवस बुधवार होता, वाक्याचा दिवस. सोमेश्वर डिक्शनरी काखेत घेऊन वर्गात गेला. दहावीची शेवटची शाळा सुरू होती, पंधरा दिवसांवर परीक्षा. चौकटीतला 'उद्या' त्यानं आपल्या हातानं पुसला आणि लिहिलं. लॅटिन. 'सब' म्हणजे खाली. 'प्लांटा' म्हणजे तळपाय.

"म्हणजे काय, सर?"

"म्हणजे कुस्तीत टांग मारतात ना, ते. समोरचा उभा असतो. त्याच्या तळपायाखाली आपला पाय घालायचा. तो पडला की तो जिथं उभा होता तिथं आपण उभं राहायचं. पडलेल्याकडं बघायचं नाही. लोक फक्त उभा असलेला बघतात, आणि म्हणतात, यानं जागा घेतली." त्यानं खडू बदलला. "पहिला अर्थ पाडण्याचा होता. जागेचा नंतर आला."

"सर, वाक्य? घरातलं पाह्यजे."

सोमेश्वर फळ्याकडं वळला.  हे वाक्य संध्याकाळच्या आत पारावर पोचेल, राजनंदिनीच्या कानावर जाईल, आईच्याही जाईल, हे त्याला ठाऊक होतं. मग त्यानं सावकाश, तातेरावानं लिंबाखाली शिकवलेल्या गोल अक्षरात, इंग्रजीत वाक्य लिहिलं. कर्ता, क्रियापद, कर्म, सगळं बिनचूक.

"करा मराठी," तो म्हणाला. "मूळ धरून."

रीतीप्रमाणं वर्गानं एका सुरात, एकेक शब्द जुळवत मराठी केली. सुरुवात जोरात झाली, आणि पुढं पुढं आवाज कमी होत गेला.

"मी... तातेराव सरांच्या... तळपायाखाली... पाय घातला."

कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच विचारलं, "सर, वहीत लिवायचं का?"

"लिहा," सोमेश्वर म्हणाला. "आणि खाली आजची तारीख घाला. खरी."

आणि आबांना खांदा दिला त्या दिवशीसारखं अनवाणी होण्यासाठी तो खाली वाकून चपला काढायला लागला.